शेजार आणि साक्ष : ओपनसीव्हीतील चित्रजोडीची एक चिकित्सा

१

दोन चित्रे एकाच चौकटीत शेजारी शेजारी मांडून दाखविणे ही आजच्या संशोधनलेखनातील नित्याची रीत झाली आहे. डाव्या हातास 'मूळ', उजव्या हातास 'संस्कारित'; एकीकडे 'पूर्वी', दुसरीकडे 'नंतर'; खाली एका ओळीचे शीर्षक, आणि पुढचा निर्णय वाचकाच्या डोळ्यांवर सोपविलेला. विषय वैद्यकीय प्रतिमांचा असो, उपग्रहांनी टिपलेल्या भूभागाचा असो, हस्तलिखितांचा असो किंवा भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचा असो, मांडणीचा हा घाट बदलत नाही. ही जोडी तयार करण्याची साधनेही बहुधा तीच असतात : ओपनसीव्ही ही संगणकीय दृष्टीची लायब्ररी, आणि तिच्या सोबतीला पायथन भाषेतील नमपाय व मॅटप्लॉटलिब. काम दोनचार ओळींचे असते. ते इतके सुलभ झाले आहे, म्हणूनच त्याची चिकित्सा करावी असे सहसा कोणास वाटत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे. चित्रे शेजारी मांडणे हे केवळ दाखविणे नव्हे. ते एक विधान करणे होय. 'ही दोन चित्रे तुलनेस पात्र आहेत आणि त्यांच्यात दिसणारा भेद हा वस्तूंमधील भेद आहे' असे ते विधान असते. परंतु ही जोडी जुळविताना आकार, रंगक्रम, तेजोमर्यादा आणि स्थाननिश्चिती या चार ठिकाणी संशोधकाला निर्णय घ्यावे लागतात, आणि यांपैकी प्रत्येक निर्णय नसलेला भेद निर्माण करू शकतो किंवा असलेला भेद पुसून टाकू शकतो. हे निर्णय सांगितल्यावाचून मांडलेली जोडी ही साक्ष ठरत नाही. ती फार तर सजावट ठरते.

विवेचन हवेत राहू नये म्हणून आपण एक उदाहरण अखेरपर्यंत हाताशी ठेवू. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून झाले. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याने १८४४ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात नव्याने काम केले. त्यांतील कित्येक चित्रे १८८५ च्या साऊथ केन्सिंग्टन येथील आगीत गेली, आणि वाचलेली आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पुढे लेडी हेरिंगहॅम यांच्या देखरेखीखाली १९०९ ते १९११ या दरम्यान, नंदलाल बोस आदी चित्रकारांच्या साहाय्याने, आणखी एक संच सिद्ध झाला. भिंतीवरील रंग दिवसेंदिवस झडत असता या प्रतिकृती म्हणजे गत अवस्थेच्या साक्षीदार होत. अशी एखादी प्रतिकृती आणि त्याच भागाचे आजचे छायाचित्र शेजारी मांडून 'काय गेले, काय उरले' हे पाहावे, ही इच्छा कोणाही अभ्यासकाच्या मनात सहज उद्भवेल. ती योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की त्या शेजाराला साक्षीचे बळ केव्हा येते ?

२

शेजारी मांडून निर्णय करण्याची पद्धत संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. हान्स होल्बाइन याचे म्हणून मानले गेलेले 'मायर मॅडोना' हे चित्र दोन प्रतींत उपलब्ध होते. एक ड्रेस्डेन येथे, दुसरी डार्मस्टाटच्या संग्रहात. दीर्घकाळ ड्रेस्डेनची प्रत अधिक लोकप्रिय होती. १८७१ साली ड्रेस्डेन येथील प्रदर्शनात दोन्ही चित्रे प्रत्यक्ष एकत्र आणली गेली, आणि तज्ज्ञांचा कौल डार्मस्टाटच्या प्रतीकडे गेला. ड्रेस्डेनची प्रत ही सतराव्या शतकातील नक्कल आहे, हे मत आज सर्वमान्य आहे. आठवणीच्या आधारे केलेली तुलना आणि एका ठिकाणी, एका प्रकाशात केलेली तुलना यांत किती अंतर असते, याचा हा अभिजात दाखला होय. पुढे हाइन्रिख व्योल्फलिन याने आपल्या १९१५ च्या ग्रंथात कलेतिहासाची मूलतत्त्वे पाच द्वंद्वांच्या रूपाने मांडली. त्याच्या अध्यापनाशी जोडले गेलेले, दोन पारदर्शिका एका वेळी पडद्यावर दाखविण्याचे तंत्र हा पुढील पिढ्यांच्या शिक्षणाचा नियम झाला.

तथापि १८७१ च्या ड्रेस्डेनमध्ये जे शेजारी आले ते दोन फलक होते. पडद्यावर जे शेजारी येतात ते त्यांचे प्रतिनिधी असतात. प्रतिनिधीला पाठविताना कोणी काही सूचना दिल्या असतील, तर त्या कळल्याखेरीज त्याच्या बोलण्यावर विसंबता येत नाही. संगणकाच्या पडद्यावरील जोडी ही अशाच दोन प्रतिनिधींची भेट आहे.

शिवाय शेजार हा स्वतःही निरुपद्रवी नाही. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख असलेला रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याच्याकडे तक्रार आली, की निळ्याजांभळ्या वस्त्रांतील काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. शोधाअंती दोष धाग्याच्या रंगात नसून शेजारच्या रंगात असल्याचे त्याच्या ध्यानी आले. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातील युगपत् विरोधाचा सिद्धांत या निरीक्षणातून उभा राहिला. जवळ जवळ ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपापल्या विरुद्ध दिशेने ढकलतात. यावरून, शेजारी मांडणे हे भेद पाहण्याचे साधन असले तरी ते भेद वाढविण्याचेही साधन आहे, हे विसरता कामा नये. दोन चित्रांच्या मध्ये तटस्थ करड्या रंगाची एक पट्टी सोडण्याची साधी दक्षता घेतल्यास, निदान जोडाच्या रेषेवर होणारी ही ओढाताण कमी होते. ओपनसीव्हीत ही पट्टी घालणे एका ओळीचे काम आहे. तरी ती क्वचितच घातलेली आढळते.

३

आता प्रत्यक्ष साधनाकडे वळू. ओपनसीव्हीचा आरंभ १९९९ साली इंटेल कंपनीत झाला, आणि तिची १.० ही आवृत्ती २००६ साली आली. या लायब्ररीच्या दृष्टीने चित्र म्हणजे अंकांची एक सारणी होय. रंगीत चित्रात प्रत्येक पिक्सेलपाशी तीन अंक असतात, आणि नेहमीच्या आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक अंक ० ते २५५ या मर्यादेत राहतो. पायथनमध्ये ही सारणी नमपायच्या रूपातच वावरते. म्हणून दोन चित्रे आडवी जोडण्याचे दोन मार्ग उपलब्ध होतात. एक ओपनसीव्हीचे 'एचकॉन्कॅट', दुसरे नमपायचे 'एचस्टॅक'.

वरकरणी ही दोन्ही एकाच कामाची दोन नावे वाटतात. परंतु त्यांच्या स्वभावात जो फरक आहे तो आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत बोधक आहे. दोन्ही चित्रांची उंची सारखी नसेल तर दोघेही नकार देतात. एक चित्र रंगीत आणि दुसरे एकरंगी असेल तरीही दोघे अडून बसतात. पण एका चित्राचे अंक आठ बिटांचे पूर्णांक आणि दुसऱ्याचे दशांश स्वरूपाचे असतील, तर एचकॉन्कॅट त्रुटी दाखवून थांबते, आणि एचस्टॅक मात्र पूर्णांकांना मुकाट्याने दशांशांचे रूप देऊन जोडी पुरी करते. अशी जोडी ओपनसीव्हीच्या 'इमशो'कडे दिली म्हणजे गंमत होते. दशांश अंकांचे चित्र ० ते १ या मर्यादेत आहे असे इमशो गृहीत धरते आणि त्यांना २५५ ने गुणते. साहजिकच ज्या अर्ध्या भागात मुळात ० ते २५५ असे अंक होते, तो जवळ जवळ संपूर्ण पांढरा होतो.

नवशिक्याला एचकॉन्कॅटचा नकार त्रासदायक वाटतो आणि एचस्टॅकचे सौजन्य सोयीचे वाटते. समीक्षकाने याच्या उलट वाटून घेतले पाहिजे. 'ही दोन चित्रे एका जातीची नाहीत. त्यांना एका पंक्तीत कोणत्या आधारावर बसवावयाचे?' असा प्रश्न तो नकार विचारीत असतो. आकार जुळवा, वाहिन्या जुळवा, अंकप्रकार जुळवा ही सक्ती म्हणजे तुलनेच्या अटींची यादीच होय. संशोधक मात्र त्या प्रश्नाचे उत्तर न देता त्याचे तोंड बंद करतो : चूक दिसताच कोठूनतरी एक रूपांतराची ओळ उचलतो, ती वर चिकटवतो, आणि चूक नाहीशी झाली म्हणजे प्रश्न सुटला असे मानतो. प्रश्न सुटलेला नसतो. तो फक्त अदृश्य झालेला असतो.

४

पहिले रूपांतर आकाराचे. ग्रिफिथ्स यांच्या प्रतिकृतीचे अंकित चित्र आणि आजच्या कॅमेऱ्याचे छायाचित्र यांची परिमाणे सारखी असण्याचे कारण नाही. समजा, छायाचित्राची रुंदी ६००० पिक्सेल आहे आणि जोडीसाठी ते १००० पिक्सेलवर आणावयाचे आहे. 'रिसाइझ' ही आज्ञा दिली की काम होते. परंतु कोणती पद्धत वापरावी हे न सांगितल्यास ही आज्ञा द्विरेषीय अंतर्वेशन वापरते. म्हणजे नव्या प्रत्येक पिक्सेलसाठी जुन्या चित्रातील नेमक्या स्थानाभोवतीचे चारच पिक्सेल विचारात घेते. सहापट लहान करताना मूळच्या ६ गुणिले ६, म्हणजे ३६ पिक्सेलांच्या जागी एक पिक्सेल यावयाचा असतो. त्या ३६ पैकी ४ बोलतात आणि ३२ गप्प बसविले जातात. एक पिक्सेल रुंदीची उभी भेग या सहा स्तंभांपैकी मधल्या दोहोंत पडली तर ती दिसेल, उरलेल्या चारांत पडली तर तिचा मागमूसही उरणार नाही.

अजिंठ्याच्या संदर्भात याचा अर्थ काय होतो ते पाहावे. गिलाव्यावरील बारीक भेगा आणि रंगाचे सुटलेले कण हाच जेथे अभ्यासाचा विषय आहे, तेथे एका सहज दिलेल्या आज्ञेने त्यांतील काही नाहीसे होतात, आणि कोणते नाहीसे व्हावे हे केवळ योगायोग ठरवितो. चित्र लहान करताना क्षेत्रफळाच्या सरासरीची पद्धत योजावी, असे लायब्ररीचे मार्गदर्शन आहेच. त्या पद्धतीत ३६ ही पिक्सेल सारख्या वजनाने बोलतात. भेग पुसट होते, पण दैवाधीन राहत नाही. तरीही पुसट होते हे खरेच, आणि तेही सांगितले पाहिजे.

आकाराच्या समीकरणात आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे आकार स्वतः. भिंतीवरील माणसाएवढी आकृती आणि कागदावरील हातभर आराखडा पडद्यावर सारख्याच उंचीचे होतात. रिसाइझऐवजी लहान चित्राभोवती रिकामी किनार घालून उंची जुळविण्याचा मार्ग उपलब्ध आहे. त्यामुळे जोडी देखणी होत नाही. पण ती खोटेही बोलत नाही. निदान मापपट्टी देणे तरी कोणासही अवघड नाही.

५

दुसरा निर्णय रंगक्रमाचा. ओपनसीव्हीची 'इमरीड' ही आज्ञा रंगीत चित्र वाचते तेव्हा प्रत्येक पिक्सेलचे अंक निळा, हिरवा, तांबडा या क्रमाने ठेवते. ज्या काळी ही लायब्ररी घडली त्या काळी हा क्रम बराच रूढ होता. मॅटप्लॉटलिब आणि अन्य बहुतेक साधने तांबडा, हिरवा, निळा असा क्रम मानतात. म्हणून इमरीडने वाचलेले चित्र मॅटप्लॉटलिबमध्ये तसेच दाखविले की तांबडा आणि निळा यांची अदलाबदल होते. अजिंठ्याच्या चित्रात गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळी यांच्याबरोबर लाजवर्दाची निळाई आढळते. क्रम उलटला तर गेरूची माणसे निळी दिसतील आणि निळी पार्श्वभूमी तपकिरी होईल.

ही चूक सर्वांस ठाऊक आहे, आणि मार्गदर्शनपर लेखांतून तिचा इशारा वारंवार दिला जातो. परंतु खरा धोका या चुकीत नाही. निळा माणूस पाहून कोणीही सावध होतो. जो दोष स्वतः ओरडून सांगतो त्याच्यापासून संशोधनाला भय नाही. भय आहे ते मुक्या दोषापासून. तुलनेत रंग नको, केवळ छायाप्रकाश हवा, म्हणून चित्रे एकरंगी करण्याची प्रथा आहे. त्यासाठी तांबड्यास ०.२९९, हिरव्यास ०.५८७ आणि निळ्यास ०.११४ असे वजन देऊन बेरीज केली जाते. आता समजा, प्रतिकृतीचे चित्र इमरीडने वाचले आणि छायाचित्र दुसऱ्या एखाद्या साधनाने, म्हणजे तांबड्यापासून सुरू होणाऱ्या क्रमाने, वाचले गेले. आणि दोन्हींना रूपांतराची एकच आज्ञा लावली. गेरूच्या एका पिक्सेलमध्ये तांबडा १७०, हिरवा ९० व निळा ५० असे अंक असतील, तर योग्य क्रमाने त्याचे तेज सुमारे १०९ येते. क्रम उलटला तर तेच तेज सुमारे ८७ येते. चित्र विद्रूप होत नाही, निळे माणूस दिसत नाही. फक्त गेरूचा सारा भाग २२ अंशांनी काळवंडतो. लाजवर्दाचा भाग याच कारणाने थोडा उजळतो.

शेजारच्या प्रतिकृतीशी ताडून पाहणारा अभ्यासक यावरून काय म्हणेल ? गेल्या दीडशे वर्षांत गेरू काळवंडला, असे म्हणेल. हे अनुमान त्याला विश्वसनीयही वाटेल, कारण भिंतीवर नंतर चढविलेल्या व्हार्निशच्या थरांनी चित्रे पिवळी-काळी पडल्याची चर्चा त्याने वाचलेली असते. पूर्वग्रह आणि चूक एकाच दिशेने चालू लागली म्हणजे चूक सापडत नाही. रसायनाच्या नावावर जमा झालेला हा परिणाम वस्तुतः दोन लायब्ऱ्यांच्या लेखनक्रमातील भेदाचा असतो.

६

तिसरा निर्णय तेजोमर्यादेचा, आणि तो बहुधा संशोधकाच्या नकळत घेतला जातो. दोन एकरंगी चित्रे दाखविण्याच्या दोन रीती आहेत. एक, त्यांना एकाच सारणीत जोडून ती सारणी इमशोकडे देणे. दुसरी, मॅटप्लॉटलिबमध्ये दोन स्वतंत्र चौकटी आखून प्रत्येकीत एक चित्र ठेवणे. छापील प्रबंधात दुसरी रीत अधिक आढळते, कारण तीत शीर्षके देणे सोपे असते.

परंतु या दोन रीती एकच जोडी दाखवीत नाहीत. ओपनसीव्हीचे इमशो आठ बिटांच्या अंकांना हात लावीत नाही. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा, हे दोन्ही अर्ध्यांना सारखेच लागू असते. मॅटप्लॉटलिब मात्र, वेगळे काही न सांगितल्यास, एकरंगी चित्रातील लघुतम अंकाला रंगपट्टीच्या एका टोकाशी आणि महत्तम अंकाला दुसऱ्या टोकाशी नेऊन बसविते. आणि हे प्रत्येक चौकटीसाठी स्वतंत्रपणे करते. एका चित्राचे अंक ९० ते १३० यांच्या दरम्यान आहेत आणि दुसऱ्याचे १० ते २५० यांच्या दरम्यान, असे धरा. पहिले चित्र अत्यंत निस्तेज, दुसरे ठसठशीत. मॅटप्लॉटलिबच्या दोन चौकटींत दोन्ही सारखीच ठसठशीत दिसतील. ज्या भेदासाठी जोडी मांडली तोच भेद मांडणीने गिळून टाकला ! शिवाय २०१७ च्या २.० या आवृत्तीपासून या साधनाची पूर्वनियोजित रंगपट्टी जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाणारी आहे; करड्या छटांची मागणी न केल्यास भित्तिचित्राचे एकरंगी रूप तापमानाच्या नकाशासारखे दिसू लागते. ही दुसरी चूक पुन्हा ओरडणारी, म्हणून निरुपद्रवी. पहिली मुकी, म्हणून घातक.

यावरून मॅटप्लॉटलिब सदोष आहे असे कोणी समजू नये. अज्ञात मर्यादेतील मोजमापे एकवार पाहून घेण्यासाठी तो नियम उत्तमच आहे. पण एका चित्राकडे पाहण्यास योग्य असलेला नियम दोन चित्रांची तुलना करण्यास योग्य असेलच असे नाही. तुलनेसाठी दोन्ही चौकटींना एकच लघुतम आणि एकच महत्तम मर्यादा स्वहस्ते द्यावी लागते. तराजूच्या दोन पारड्यांसाठी दोन वेगळी वजने वापरणाऱ्या दुकानदाराला आपण जे म्हणतो, ते या ठिकाणी संशोधकालाही लागू पडते. फरक एवढाच की संशोधकाला आपली वजने वेगळी असल्याचे ठाऊक नसते.

७

शेजारी दाखविण्याने समाधान न झालेला अभ्यासक तिसरी चौकट जोडतो, ती भेदाची : एका चित्रातून दुसरे वजा करून उरलेले चित्र. हा मार्ग तर्काला धरून आहे. मात्र 'वजा करणे' या साध्या शब्दाला येथे तीन अर्थ आहेत. एका पिक्सेलपाशी पहिल्या चित्रात १०० आणि दुसऱ्यात १०१ असा अंक आहे असे समजू. नमपायच्या साध्या वजाबाकीने उत्तर २५५ येते, कारण आठ बिटांच्या पूर्णांकांत ऋण संख्या नाही आणि मोजणी उलट फिरून टोकाला जाते. ओपनसीव्हीच्या 'सबट्रॅक्ट'ने उत्तर ० येते, कारण शून्याखाली जाणारी संख्या शून्यावरच थांबविली जाते. 'ॲब्सडिफ'ने उत्तर १ येते. एकच प्रश्न, आणि उत्तरे तीन : भेद कमाल आहे, भेद मुळीच नाही, भेद किंचित आहे. तिन्ही उत्तरे आपापल्या नियमांप्रमाणे बिनचूक आहेत. वाचकासमोर येणाऱ्या चौकटीखाली मात्र 'भेद' हा एकच शब्द छापलेला असतो.

परंतु याहून मूलगामी प्रश्न चौथ्या निर्णयाचा, म्हणजे स्थाननिश्चितीचा आहे. वजाबाकी करावयाची तर दोन्ही चित्रांतील डोळा डोळ्यावर आणि बोट बोटावर पडले पाहिजे. त्यासाठी दोन्ही चित्रांत जुळणारे बिंदू शोधून, त्यांच्या आधारे एक चित्र ताणून दुसऱ्यावर बसवितात. निदान चार बिंदुजोड्या मिळाल्या म्हणजे दोन प्रतलांमधील हे प्रक्षेपीय नाते गणिताने निश्चित होते. पण लेण्याची भिंत हे शुद्ध प्रतल नव्हे, आणि प्रतिकृती हे तर छायाचित्रही नव्हे. ती माणसाच्या हाताने काढलेली आहे. त्या हाताने एखादा खांदा किंचित रुंद केला असेल, एखादी भुवई युरोपीय वळणावर नेली असेल. प्रतिकृती ताणून भिंतीशी जुळविण्याची जितकी लवचीक पद्धत आपण वापरू तितकी ही हाताची खूण पुसली जाईल. ज्याला रंगाचा ऱ्हास मोजावयाचा आहे त्याच्या दृष्टीने ही खूण म्हणजे अडथळा. ज्याला प्रतिकृतिकाराच्या दृष्टीचा अभ्यास करावयाचा आहे त्याच्या दृष्टीने हीच खूण म्हणजे सर्वस्व. म्हणून 'चित्रे जुळवून घेतली' एवढे सांगणे पुरेसे नाही. कोणत्या भेदाला सत्य मानण्यासाठी कोणत्या भेदाचा बळी दिला, हे सांगितले पाहिजे.

अशी जुळवणी एकदा साधली, की शेजाराखेरीज आणखी एक वाट मोकळी होते. १८ फेब्रुवारी १९३० रोजी क्लाइड टॉम्बॉ याला लॉवेल वेधशाळेत प्लूटोचा शोध लागला, तो त्याच वर्षीच्या २३ व २९ जानेवारीच्या छायाचित्र-काचा आलटून पालटून एकाच जागी दाखविणाऱ्या यंत्राने. हजारो स्थिर ताऱ्यांत एकच ठिपका उडी मारताना दिसला. त्या काचा शेजारी ठेवून डोळ्यांनी ताडल्या असत्या तर तो ठिपका हाती लागणे दुरापास्त होते. शेजारी मांडणीत डोळ्याला एक चित्र सोडून दुसऱ्याकडे जावे लागते, आणि मधले अंतर स्मृतीने भरून काढावे लागते. एकाच खिडकीत दोन चित्रे आळीपाळीने दाखविणे ओपनसीव्हीत सहज शक्य आहे. छापील पानावर ते शक्य नसते, म्हणून पडद्यावरही आपण ते करीत नाही. पानाची मर्यादा आपण उगाच दृष्टीवर लादून घेतली आहे.

८

येथे एक आक्षेप संभवतो. डोळ्यांवर विसंबण्याचे प्रयोजनच काय ? चित्रांतील साम्य मोजणारी मापे उपलब्ध आहेत. वर्गांतरांची सरासरी हे जुने माप आहे; २००४ साली मांडला गेलेला रचनासाम्याचा निर्देशांक सर्वत्र वापरला जातो. एक संख्या द्यावी आणि जोडी गाळून टाकावी, असे कोणी म्हणेल.

या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. डोळा फसतो हे शेव्रलपासून आपल्याला ठाऊक आहे, आणि संख्या त्या फसवणुकीतून सुटते. परंतु संख्येलाही समान आकार, समान रंगक्रम, समान मर्यादा आणि नेमकी जुळवणी यांची तेवढीच गरज असते. बारीक रेषांचे चित्र एका पिक्सेलने सरकले तरी वर्गांतरांची सरासरी मोठी येते. वस्तूत काडीचा बदल नसतो. म्हणजे जे चार निर्णय जोडीमागे दडलेले होते तेच संख्येमागेही दडून बसतात, आणि तेथे ते अधिक खोल दडतात, कारण संख्येला चेहरा नसतो. निळा माणूस निदान दिसतो तरी. चुकीच्या क्रमाने काढलेली संख्या बरोबर संख्येसारखीच दिसते. तेव्हा संख्या आणि जोडी यांनी एकमेकींची झडती घ्यावी, हा मार्ग श्रेयस्कर होय.

दुसरा आक्षेप असा, की एवढे तपशील प्रत्येक आकृतीखाली देऊ लागलो तर लेखाचा ओघ तुटेल. यास उत्तर असे, की ग्रंथसंपादक पाठभेद देतो तेव्हा वाचनाचा ओघ तुटतोच. तरी पाठभेदांवाचून छापलेल्या प्रतीला आपण चिकित्सक आवृत्ती म्हणत नाही. कोणती पोथी मुख्य धरली, कोणता पाठ का स्वीकारला, हे सांगण्याची जी शिस्त भाषाभ्यासाने स्वीकारली आहे, तीच चित्रजोडीच्या बाबतीत स्वीकारण्यास प्रत्यवाय नसावा.

९

तात्पर्य, चित्रजोडी हा पुरावा म्हणून पुढे करावयाचा असेल तर तिच्याखाली निदान इतके तरी यावे : दोन्ही चित्रांचे मूळ आकार आणि ते कोणत्या पद्धतीने बदलले, रंगक्रम कोणता व एकरंगी रूप कोणत्या क्रमाने काढले, दोन्हींची तेजोमर्यादा एक आहे की वेगळी, जुळवणी केली असल्यास कोणत्या पद्धतीने, भेद काढला असल्यास कोणत्या वजाबाकीने, आणि शेवटी, हीच जोडी का निवडली. या शेवटच्या प्रश्नाविषयी वर काही लिहिले नाही, कारण त्याचे उत्तर कोणत्याही लायब्ररीत नाही. शंभर चित्रांतून एक जोडी उचलणारा हात संशोधकाचा असतो, आणि त्याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही. हे सर्व तीनचार ओळींत मावते. ज्या आज्ञांनी जोडी तयार झाली त्या आज्ञा परिशिष्टात जशाच्या तशा दिल्या तर अधिकच उत्तम.

अजिंठ्याच्या प्रतिकृती दोनदा आगीत सापडल्या; भिंतीवरील मूळ चित्रेही अक्षय नाहीत. उद्याचा अभ्यासक आपल्या आजच्या जोड्यांकडे साक्ष म्हणून वळेल, जसे आपण आज ग्रिफिथ्स यांच्या चित्रांकडे वळतो. ग्रिफिथ्स यांच्या हाताने काय बदलले याचा अंदाज घेण्यासाठी निदान काही भिंती अजून उभ्या आहेत. आपल्या आज्ञांनी काय बदलले हे त्याला केवळ आपण लिहून ठेवले तरच कळेल. म्हणून विद्यार्थ्यांनी एचकॉन्कॅटचा पुढचा नकार आला म्हणजे घाईने त्याचे तोंड बंद करू नये. तो काय विचारीत आहे ते आधी ऐकावे, आणि त्याचे उत्तर वहीत उतरवून मगच पुढची ओळ लिहावी.